अहो, थांबा!

टंगमर्गला गाडी थांबली की मराठी पर्यटकाचा वेश पालटतो. भाड्याचे गमबूट, भाड्याचा ओव्हरकोट आणि त्याच्या खिशात आधीच्या गिऱ्हाइकाने सोडलेले चॉकलेटचे कागद. तिथून गुलमर्ग तेरा किलोमीटर, उंची सुमारे 2,650 मीटर. कळसूबाईच्या डोक्यावर आणखी हजार मीटर रचा, म्हणजे हॉटेलच्या चार पायऱ्यांवर धाप का लागते ते कळेल.

उतरल्याबरोबर स्लेजवाले घेरतात. "या भाऊ, बसा भाऊ," हे शुद्ध मराठीत. आपण बसायचं आणि दुसऱ्यानं बर्फातून ओढायचं, हे मनाला पटत नाही. शरीराला लगेच पटतं. पण आम्हाला स्कीइंगच करायचं होतं. ब्रिटिशांनी 1927 मध्ये इथे स्की क्लब काढला, तेव्हापासून भल्याभल्यांनी या उतारांवर पाठ टेकली आहे.

नवशिक्यांची शाळा गोल्फच्या मैदानाच्या उतारांवर भरते. उन्हाळ्यात जिथे चेंडू घरंगळतात, तिथे हिवाळ्यात माणसं.

आधी बूट. कडक प्लास्टिकचे, आणि नडगीशी असे कललेले की सरळ उभंच राहता येत नाही. मंत्रालयात काम असल्यासारखं सतत पुढे वाकून चालायचं. मग इन्स्ट्रक्टर सांगतो, "सर, घुटना मोडो, आगे झुको!" इथेच सगळी गोम आहे. समोर उतार दिसला की माणूस भीतीनं मागे रेलतो. मागे रेललं की स्कींच्या टोकांवरचा भार जातो, वळवायला काही हाती राहत नाही, आणि त्या सुटतात. म्हणजे दरीकडे झुकेल तो वाचेल, दरीला घाबरेल तो आपटेल. लहानपणापासून आईनं शिकवलं त्याच्या बरोबर उलट.

पुढे जाण्यात आपलं कर्तृत्व शून्य, ते उतारच करतो. खरी विद्या थांबण्याची. टोकं जवळ, शेपट्या लांब, आतल्या कडा बर्फात रुतवायच्या. "व्ही बनाओ, सर, व्ही!" माझ्या दोन्ही स्कींचं मात्र आपसात बोलणं नव्हतं. "अहो, थांबा!" खालून सौभाग्यवती ओरडल्या. सूचना मला मान्य होती, स्कींना नव्हती. वाटेतल्या एका काकांनी मला अडवलं. अडवायचा त्यांचा विचार नव्हता.

वर जायची ड्रॅग लिफ्टही तशीच. दोरखंडाला दांडा, दांड्याला थाळी. ती मांड्यांमध्ये धरून उभं राहायचं आणि ओढून घ्यायचं. आमच्यातले एक निवृत्त बँक मॅनेजर खुर्ची समजून बसले. थाळी वर निघून गेली, साहेब जागेवरच.

स्नोबोर्डचं सोपं आहे. 1965 मध्ये अमेरिकेत मिशिगनला शर्मन पॉपेन नावाच्या गृहस्थांनी मुलींना खेळायला दोन स्की एकत्र जोडल्या. त्या खेळण्याच्या वंशजाला 1998 मध्ये नागानोच्या ऑलिंपिकमध्ये मान मिळाला. दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले. टाचेकडची कड अडकली तर पाठीवर, बोटांकडची अडकली तर तोंडावर. आमच्या भाच्यानं दोन्ही प्रकार करून दाखवले.

हसण्यापलीकडचं इथे एक आहे. टंगमर्गकडचाच आरिफ खान 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता. भर हिमवृष्टीत जायंट स्लॅलममध्ये तो 45वा आला. स्लॅलमची शर्यत त्याला पुरी करता आली नाही. हे ऐकून मॅनेजरसाहेबांना बराच धीर आला.

गंडोलाचा पहिला टप्पा कोंगदोरीला नेतो, दुसरा अफरवतच्या खांद्यावर, चार हजार मीटरच्या आसपास. ताजा बर्फ पडला की तिथे पथक आधी सुरुंग लावून हिमकडे पाडतं, मगच उतार उघडतात. आम्ही वर गेलो, फोटो काढले आणि गंडोलानंच खाली आलो.

जाणार असाल तर जानेवारी-फेब्रुवारीत जा. लोकरीचे मोजे स्वतःचे न्या, गंडोलाचं तिकीट घरूनच ऑनलाइन काढा; आणि दुसऱ्या टप्प्यावर पहिल्या वर्षी फक्त डोळे न्या, स्की नकोत.