लाल टोपीच्या शोधात

आमचे मेहुणे जन्माने सांगलीचे, नोकरीने डॅलसजवळच्या प्लेनोचे आणि मनाने कायमचे रेगनच्या राज्यातले. कर कमी असावेत, सरकारने आपल्या वाटेला जाऊ नये आणि चहात आलं असावं, ही त्यांची त्रिसूत्री. टेक्सासात असले विचार बाळगायला कष्ट पडत नव्हते. शेजारी तेच म्हणायचा, केस कापणारा तेच म्हणायचा, त्यामुळे राजकारणावर बोलणं असं कधी व्हायचंच नाही. मग मुलीने सॅन फ्रान्सिस्कोत घर घेतलं, नातू झाला आणि २०२० साली ज्या शहराने बायडन यांना ८५ टक्के मतं दिली, त्या शहरात मेहुण्यांना बिऱ्हाड हलवावं लागलं.

२०२५च्या एप्रिलात आम्ही उभयता तिकडे गेलो. विमानतळावर त्यांनी ‘प्रवास कसा झाला’ हेसुद्धा विचारलं नाही. बॅग हातात घेत म्हणाले, “दाजी, इथे आपल्या मताचा माणूस औषधालासुद्धा मिळत नाही हो!”

घर सनसेट भागात, समुद्राजवळ. नाव सनसेट, पण धुकं असं की सूर्य मावळताना सोडाच, उगवलाय की नाही तेही घड्याळात बघावं लागतं. घराघरांवर इंद्रधनुषी झेंडे. एका अंगणात तर ‘या घरात आम्ही काय काय मानतो’ याची यादीच रोवलेली. मेहुणे रोज फिरायला जाताना तिथे थांबत आणि कुठल्या ओळीवर आपलं जमतंय ते तपासत. विज्ञान खरं असतं, या ओळीवर त्यांचं जमायचं. त्यावर कुणाशी मैत्री करावी, एवढा मजकूर त्यात नव्हता.

त्यांची सगळी भिस्त होती लाल टोपीवर. ट्रम्पवाल्याची खूण. एकदा आम्ही एन लाइनच्या ट्रामने गावात निघालो होतो आणि डब्याच्या पार दुसऱ्या टोकाला ती दिसली. मेहुण्यांनी माझा दंड असा दाबला की मला वाटलं, ह्यांना काही होतंय. माणसांतून वाट काढत ते त्या टोपीशेजारी जाऊन बसले. मी मागे उभा.

“या शहरात ही टोपी घालायची म्हणजे हिंमत लागते,” मेहुणे हळूच म्हणाले.

“खरंय,” तो उसासा टाकून म्हणाला. “यंदा तर फारच मार खाल्ला.”

“इथे खाल्ला. पण बचाव भक्कम केला की सगळं ठीक होईल.”

“बचाव! अहो, कुणीही यावं आणि घुसावं, अशी गत झालीय.”

“दक्षिणेकडून तर विशेष,” मेहुणे खुलले.

“लॉस एंजेलिसवाले ना? दोन्ही वेळा हरवलं त्यांनी आपल्याला.”

मेहुणे जरा गोंधळले. पण माणूस हातचा जाऊ द्यायची त्यांची तयारी नव्हती. “असू दे. देशात तर जिंकलो ना आपण?”

“देशात?” तो माणूस त्यांच्याकडे बघतच राहिला. “देशात फिलाडेल्फिया जिंकलं.”

आता कुठे मेहुण्यांनी टोपी नीट वाचली. वर ‘एस. एफ.’ अशी अक्षरं. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स, इथला फुटबॉलचा संघ, रंग लाल आणि सोनेरी. नाव १८४९च्या सोन्याच्या हव्यासावरून पडलेलं आणि संघ नुकत्याच संपलेल्या हंगामात सतरापैकी अकरा सामने हरलेला. उतरताना त्या भल्या माणसाने मेहुण्यांच्या पाठीवर हात ठेवून धीर दिला. त्या शहरात त्यांना मिळालेली ती पहिली राजकीय सहानुभूती.

मग तीर्थयात्रा. शहराच्या दक्षिण वेशीवर, डेली सिटीत, काऊ पॅलेस नावाचं अवाढव्य सभागृह आहे. मुळात जनावरांच्या प्रदर्शनासाठी बांधलेलं. रिपब्लिकन पक्षाने १९५६ साली आयझेनहॉवर यांना आणि १९६४ साली गोल्डवॉटर यांना उमेदवारी दिली ती इथे. मेहुण्यांनी बंद दाराला हात लावून घेतला आणि सांगितलं की, या शहराचे शेवटचे रिपब्लिकन महापौर जॉर्ज ख्रिस्तोफर हेही त्याच १९६४ साली पायउतार झाले. त्यांची डेअरी होती.

“गोठा आणि दूधवाला,” वहिनी म्हणाल्या. “झालं दर्शन? चला, नातवाची उठायची वेळ झाली.”

परतताना गाडीत मेहुण्यांनी आकडा काढला: २०२०मध्ये ट्रम्प यांना कॅलिफोर्नियात साठ लाखांवर मतं पडली. टेक्सासातल्यापेक्षाही जास्त! मग ही माणसं राहतात तरी कुठे? मुलगी म्हणाली, “बेकर्सफील्डकडे. चार-साडेचार तास लागतात, बाबा.” विषय तिथेच संपला, कारण बेकर्सफील्डला नातू नव्हता.

शेवटी त्यांना खरोखरीचे समविचारी सापडले. एका हॉटेलच्या मागच्या खोलीत बैठक होती, मलाही नेलं. टेबलाभोवती बसलेल्यांत एक चिनी आजी होत्या, लोवेल हायस्कूलचे प्रवेश गुणांऐवजी सोडतीने केल्याचा राग अजून उराशी धरून. एक म्हातारे सोव्हिएत रशिया सोडून आलेले; समाजवाद हा शब्द ऐकला की खुर्ची मागे सरकवायचे. एक संगणकवाला पोरगा, ज्याला सगळे कर रद्द आणि गांजा मोकळा हवा होता. आणि एक अतिशय टापटिपीचे गृहस्थ आपल्या नवऱ्यासह आलेले. मेहुणे नमस्काराला जोडलेले हात खाली न घेता पाच मिनिटं बसून होते.

सुरुवात छान झाली. मग कुणीतरी आयातशुल्काचा विषय काढला. मेहुणे रेगनच्या वळणाचे, खुल्या व्यापाराचे. म्हणाले, शुल्क म्हणजे करच. म्हाताऱ्यांनी खुर्ची मागे सरकवली. आजी म्हणाल्या, शाळेचं बोला. पोराने दोन्ही बाजूंना मूर्ख ठरवलं. एवढ्याशा टेबलावर पाच पक्ष झाले आणि बिल मात्र वेगवेगळं मागवण्यावर एकमत झालं. सांगलीच्या साखर कारखान्यातली गटबाजी आठवून मला अगदी घरच्यासारखं वाटलं. मेहुणे मात्र पुन्हा गेले नाहीत.

त्यांची सोय लागली ती रस्त्यावर, आणि हे मी शब्दशः सांगतोय. समुद्राला लागून ग्रेट हायवे नावाचा रस्ता आहे. नोव्हेंबर २०२४च्या मतदानात शहराने त्याचा तीनेक किलोमीटरचा तुकडा मोटारींना कायमचा बंद करून तिथे बाग करायचं ठरवलं. बाग हवी होती बाकीच्या शहराला. रस्ता बंद झाला सनसेटवाल्यांचा. सगळी वाहतूक गल्लीबोळांत शिरली. बागेच्या बाजूने असलेल्या इथल्या नगरसेवकाला, जो स्वतः डेमोक्रॅटच, परत बोलवायच्या अर्जावर सह्या गोळा होऊ लागल्या.

आणि एका सकाळी ती यादीवाली बाई, निवृत्त शिक्षिका, आमच्याच दारात. हातात सह्यांचा कागद. मेहुण्यांनी सही केली, पेन खिशात टाकलं आणि तिच्याबरोबर चालू पडले. आम्ही होतो तोवर दोघांचा तोच उद्योग. ट्रम्प, बायडन, रेगन, कुणाचं नाव निघत नव्हतं. डावीकडे वळणारी गाडी, शाळा सुटायची वेळ, सिग्नलपाशी लागणारी रांग. मेहुण्यांना इतकं आनंदात मी प्लेनोत कधी पाहिलं नव्हतं. तिथे भांडायला कुणी नव्हतं आणि भांडणात साथ द्यायलाही. संध्याकाळी ती बाई आल्याचा चहा प्यायला यायची आणि आपल्या यादीतली एकेक ओळ त्यांना समजावायची. ते ऐकून घ्यायचे. मग रस्त्यावर यायचे.

सप्टेंबरात मतदान झालं आणि नगरसेवक घरी गेला. रस्ता अजून बंदच आहे, त्यामुळे काळजीचं कारण नाही, असं मेहुण्यांनी फोनवर कळवलं. प्लेनोचं घर त्यांनी विकून टाकलं. घेणारा कॅलिफोर्नियातलाच. इकडे आपल्या मताचं कुणी भेटत नाही म्हणून तो टेक्सासला निघाला होता, असं वहिनींकडून समजलं.