विंचेस्टरचे दात

बीड जिल्ह्यात बैल घ्यायचा तर दात बघणारा माणूस सोबत न्यावा लागतो, आणि बंदूक घ्यायची तर इंग्रजी वाचणारा. म्हणून 2020 च्या जानेवारीत आमच्या दाजींनी मला जीपमध्ये घातलं. मी शाळेत इंग्रजी शिकवतो, तेव्हा नळीवर काय खरडलंय ते मला कळणारच, असा त्यांचा हिशेब. मागच्या सीटवर तात्या होते. नेकनूरच्या बैलबाजारात दलालीत उभी हयात गेलेला माणूस. "मास्तर वाचतेत, तात्या भाव करतेत," दाजी म्हणाले, "आपुन निस्ते पैशे द्यायचे."

दाजी ऊसतोडीचे मुकादम. कारखान्याची उचल आणून टोळ्यांना वाटायची, म्हणजे रोकड अंगावर. या कारणावर त्यांनी रायफलीचा परवाना मिळवला होता. मिळाला त्या दिवशी गावात पेढे वाटले. पण पेढे खाल्लेले लोक आता रोज पारावर विचारत होते, "मग, रायफल कवा दाखवताव?"

विकणाऱ्याची अडचण मात्र दिल्लीहून आली होती. 2019 च्या डिसेंबरात शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका परवानाधारकाकडे तीनऐवजी दोनच हत्यारं राहतील असं ठरलं. जास्तीचं असेल ते वर्षाच्या आत ठाण्यात नाहीतर परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. धारूरकडच्या आबासाहेबांच्या वाड्यात नेमकी तीन होती. दुनाळी बाराबोर वडिलांच्या हातची, ती सुटत नव्हती. सरकारी कारखान्याची .315 ठेवणं शहाणपणाचं, कारण तिच्या गोळ्या देशात बनतात. राहिली ती अमेरिकन विंचेस्टर, मॉडेल 94, बोअर .30-30. गावात तिला तीस-तीस म्हणतात, आणि ती तीस गोळ्या तीस वेळा उडवते असा समज आहे. खरं म्हणजे पहिले तीस नळीच्या व्यासाचे, एका इंचाचे शंभरातले तीस भाग, आणि दुसरे तीस मुळात काडतुसात भरायच्या दारूचे, तीस ग्रेन. पोटात गोळ्या मावतात सहा. हे मी जीपमध्येच सांगितलं. "हे तिथं बोलू नका," तात्या म्हणाले.

आबासाहेबांनी ती कपाटातून काढली तेव्हा ती जुन्या पैठणीच्या खोळीत होती. दस्त्यावर गेल्या दसऱ्याच्या कुंकवाची बोटं तशीच. सिनेमातले घोडेस्वार चापाभोवतीची कडी खालीवर करून गोळ्या झाडतात ना, तीच जात. कडी खाली ओढली की रिकामं काडतूस बाहेर उडतं, वर दाबली की नवं नळीत जातं. आबासाहेबांनी कडी ओढली तेव्हा आतून झेंडूची एक वाळकी पाकळी उडाली. ती त्यांनी कपाळाला लावली.

"हिचा जन्म एकवीस ऑगस्ट अठराशे चौऱ्याण्णवचा," ते म्हणाले. "नळीवरच लिव्हलंय."

मी वाचलं. लिहिलं होतं खरं, पण ती तारीख पेटंटची. जॉन ब्राउनिंग नावाच्या कारागिराने ही रचना काढली, त्या दिवशी तिचं पेटंट मिळालं आणि कंपनी पुढे वर्षानुवर्षं तीच तारीख ठोकत राहिली. या मॉडेलच्या सत्तर लाखांवर रायफली निघाल्या. म्हणजे एकाच दिवशी जन्मलेली लाखो भावंडं. मी एवढंच म्हणालो, "तारीख बरोबर आहे." मास्तरकीत एवढं जमतं.

पुढची कथा मोमिनाबादची. निजामाच्या काळात अंबाजोगाईचं नाव मोमिनाबाद होतं आणि तिथं हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती, हे इतिहासातलं. त्या छावणीतल्या एका साहेबाचा जीव आबासाहेबांच्या आजोबांनी वाचवला आणि साहेबानं जाताना ही रायफल दिली, हे वाड्यातलं. मी बोलता बोलता रायफल उलटी केली आणि पोटाखालचा नंबर पाहिला. तो दहा लाखांच्या पुढचा होता. दहा लाखावी मॉडेल 94 कंपनीने 1927 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कूलिज यांना भेट दिली, आणि कंटिंजंट तर 1903 मध्येच हिंदुस्थानी लष्करात विरघळलं. म्हणजे साहेब कंटिंजंट विरघळल्यावर किमान चोवीस वर्षांनी रायफल द्यायला परत आला असणार. तेवढ्यात आतून सीताफळाची रबडी आली. रबडी खाणाऱ्यानं यजमानांच्या आजोबांना खोटं पाडू नये.

या गणितात खरेदीदाराचा फायदा मात्र होता. 1964 मध्ये विंचेस्टरने खर्च वाचवायला घडण बदलली, तेव्हापासून शौकीन लोक त्याआधीच्या रायफलींना जास्त मोजतात. ही त्याआधीची होती. मूळ निळसर झाक टिकली असती तर आणखी मोल. ती टिकली नव्हती. आबासाहेबांच्या आईनं तिला दर दसऱ्याला तांब्याच्या घागरीबरोबर चिंच आणि राखेनं घासलं होतं. रायफल लख्ख पांढरी झाली होती. शौकिनाला बघून रडू आलं असतं, दाजींचे डोळे चमकले.

आता नेम. तात्यांनी आधी तोंड बघितलं, म्हणजे नळीचं. बैलाचा ओठ वर करावा तसा त्यांनी नळीच्या टोकावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "जुळलंय." बैलाचे सगळे दात येऊन जबडा पुरा झाला की म्हणतात, तेच. मी आधी आत गोळी नाही याची खात्री केली, कडी उघडी ठेवली, मागच्या बाजूला पांढऱ्या कागदाचा तुकडा धरला आणि त्याचा उजेड घेऊन टोकाकडून आत डोकावलो. नळीत मळसुत्री खाचा असतात. त्यांनी गोळीला गिरकी मिळते, आणि गिरकी मिळाली तरच ती सरळ जाते. आत मध्यापर्यंत खाचा धारदार होत्या, अधूनमधून गंजाचे खड्डे. जुन्या काडतुसांच्या टोपीतलं मीठ नळीत राहतं आणि ओल धरतं, त्याचे ते. पण शेवटच्या दोनेक इंचांत खाचाच नव्हत्या. गुळगुळीत.

याचं कारण दाराशी उभं होतं. वाड्यातला जुना गडी, म्हाताराबुवा. या जातीची रायफल मागून साफ करता येत नाही, गज पुढूनच घालावा लागतो. बुवांनी दर अमावास्येला लोखंडी गज घालून, खोबरेल लावून, मनापासून सेवा केली होती. गोळी नळी सोडते ती जागाच नेमाचं नाक असते, आणि बुवांनी ते भक्तीनं झिजवलं होतं. नीट राखलेल्या मॉडेल 94 च्या गोळ्या शंभर यार्डांवर तळहातात मावतील एवढ्या जागेत पडतात. हिची कुठं पडेल ते बालाघाटाचा डोंगरच सांगू शकला असता.

झाडून बघावी तर सोय नाही. रानात बार काढणं कायद्यात बसत नाही, आणि वाड्यात उरलेली काडतुसं हिरवी पडून देवघरात बसली होती. "मग नेम कसाय?" दाजींनी विचारलं. आबासाहेब म्हणाले, "आमच्या आज्यानं वाड्याच्या माळवदावरनं बिबट्या पाडला, ते पण कंदिलाच्या उजेडात." दाजींचं समाधान झालं.

मग तात्यांनी टॉवेल काढला. बैलाचा भाव टॉवेलाखाली बोटं दाबून होतो, म्हणजे बघ्यांना कळत नाही. आबासाहेबांचा हात आत गेला, चार बोटं दाबली गेली, आणि तात्यांचा चेहरा एकदम फुलला. त्यांच्या बाजारात बोटाला दहा हजार. आबासाहेबांच्या वाड्यात बोटाला लाख. हे उघड झालं तेव्हा दोघांनी टॉवेलाखाली धरलेले हात बराच वेळ सोडले नाहीत, कोणी आधी सोडायचे हा प्रश्न पडला असावा.

चार लाख ऐकून हसू नका. अमेरिकेत अशी सामान्य मॉडेल 94 हजार डॉलरच्या आतबाहेर मिळते. पण आपल्याकडे 1980 च्या दशकात खासगी शस्त्रांची आयात बंद पडली, आणि तेव्हापासून जी आत होती ती आतच फिरतात. माल वाढत नाही, हौस वाढते. अखेर तीन बोटांवर ठरलं. माझ्या मते त्यातलं अर्धं बोट कागदपत्रांचं, अर्धं लोखंडाचं, आणि उरलेली दोन मोमिनाबादच्या साहेबाची.

विक्रीचा इरादा लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबावं लागतं. ते भरता भरता टाळेबंदी लागली आणि रायफल दाजींच्या परवान्यावर चढायला वर्ष सरलं. त्यानंतर निवडणूक आली की ती ठाण्यात जमा, निकाल लागला की घरी, अशी येऊनजाऊन असते. तिने अजून एक बार काढलेला नाही. दसऱ्याला ताई तिला हळदकुंकू वाहते.

डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली आणि राज्याचं लक्ष बीडच्या परवान्यांवर गेलं. एका जिल्ह्यात बाराशेच्या वर! इथं मला थट्टा सुचत नाही. पडताळणी सुरू झाली, शंभरावर परवाने रद्द झाले, आणि ते व्हायलाच हवं होतं. त्याच लाटेत दाजींनाही खुलासा मागणारी नोटीस आली. ती घेऊन ते माझ्याकडे आले, कारण अर्ज मास्तरनंच लिहायचा असतो.

"लिव्हा," ते म्हणाले. "सदर रायफलीचे नळीचे तोंड झिजलेले असून तिने शंभर यार्डांवर म्हैससुद्धा लागत नाही. सबब समाजास कोणताही धोका नाही."

"अहो दाजी, पण परवाना जिवाच्या आणि रोकडीच्या रक्षणासाठी घेतलाय ना? म्हैस लागत नाही तर चोर कसा लागणार?"

दाजींनी चष्मा काढून पुसला. "ते त्यांनी इच्यारलं तर बिबट्याचं लिव्हू."