उजळणीकर

पन्नाशी ओलांडलेल्या मराठी पुरुषाला साधारणपणे तीनपैकी एक गोष्ट जडते: मधुमेह, सोसायटीचं सेक्रेटरीपद किंवा जुन्या मालिका. आमच्या कोथरूडच्या सोसायटीतले उजळणीकर पहिल्या दोन्हींतून सुटले आणि तिसरीत पुरते अडकले. आडनाव अर्थातच मी ठेवलेलं आहे. खरं सांगितलं तर ते मनाला लावून घेतील आणि त्यांच्यासारखे बाकीचे हजारो लोक उगाच सुटतील.

त्यांचा जन्म 1973 चा. म्हणजे 1985 साली ‘करमचंद’ गाजर खात पडद्यावर आला तेव्हा वय बारा, 1987 मध्ये ‘रामायण’ सुरू झालं तेव्हा चौदावं लागलेलं आणि 1990 मध्ये ‘महाभारत’ संपलं तेव्हा गालावर वस्तरा फिरू लागलेला. आयुष्यातल्या सगळ्या घटना ते याच पंचांगावरून सांगतात. धाकट्या मामाचं लग्न ‘नुक्कड’च्या वर्षीचं. दहावी ‘महाभारता’च्या पहिल्या वर्षातली. दहावीला किती टक्के पडले असं विचारलं, तर ते भीष्मप्रतिज्ञेबद्दल बोलू लागतात.

आज हे सगळं मोबाईलवर हवं तेव्हा उघडतं, ही उजळणीकरांच्या मते त्या मालिकांची विटंबना आहे. त्यांच्या घरी ‘महाभारत’ लागतं ते रविवारी सकाळीच, आणि आंघोळ झाल्यावरच. हरीश भिमाणींच्या आवाजात ‘समय’ बोलू लागला की कुकरची शिट्टीसुद्धा होता कामा नये. वहिनी म्हणतात, “समय थांबला तरी चालेल हो, डाळ शिजायला नको का?”

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली आणि त्या महिन्याच्या 28 तारखेपासून दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवायला घेतलं. सकाळी नऊ आणि रात्री नऊ. अख्खा देश घाबरून घरात बसला होता, उजळणीकर तेवढे खुशीत बसले होते. 16 एप्रिलच्या भागाला 7.7 कोटी प्रेक्षक लाभल्याचं दूरदर्शनने जाहीर केलं. त्या 7.7 कोटींत आपल्या घरचे चौघे होते, असं ते अजून अभिमानाने सांगतात. त्यातले तिघे बळजबरीने बसवलेले होते, एवढाच तपशील गाळतात.

मुलाने एकदा काय केलं, त्यांचा डोळा चुकवून लंकेचं युद्ध दीडपट वेगाने लावलं. दोन्हीकडचे बाण भराभर हवेत भेटले, विझले, नवे निघाले. उजळणीकर ताडकन उठले. “अरे, एक बाण हवेत सोडून भाग संपायचा! पुढच्या रविवारपर्यंत तो लागतोय की नाही या काळजीत आम्ही शाळेत बसायचो!”

“मग म्हणूनच टक्के...” मुलगा म्हणाला, आणि विषय पुन्हा भीष्मप्रतिज्ञेवर गेला.

मालिका हा त्यांचा रविवारचा भाग झाला. बाकीचे सहा दिवस पुस्तकं. कोवळ्या वयात वाचलेली प्रत्येक कादंबरी पुन्हा वाचायची, असा त्यांनी नेम धरला आहे. नवं पुस्तक कोणी दिलं तर ते चाळतात आणि “बरं आहे” म्हणून परत करतात. न वाचलेल्या पुस्तकाचा त्यांना भरवसा वाटत नाही.

सुरुवात नारायण धारपांपासून झाली. नववीत असताना धारपांची भयकथा वाचून रात्री बाथरूमला जायची भीती वाटायची, म्हणून आता मुद्दाम मध्यरात्री दिवा बारीक करून वाचायला बसले. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, “अहो, भीती वाटली. पण वेगळी. तेव्हा रात्री उठून जायची वाटायची. आता, उठावं लागलं तर डॉक्टर काय म्हणतील याची वाटते.”

मग सुहास शिरवळकरांच्या रहस्यकथा. फिरोज इराणी, मंदार पटवर्धन, दारा बुलंद ही नावं ते शाळेतल्या वर्गमित्रांची घ्यावीत तशी घेतात. एका पुस्तकातला खुनी त्यांना तिसऱ्या वाचनातही ओळखता आला नाही. मी म्हटलं, “स्मरणशक्ती तपासून घ्या.” ते म्हणाले, “हीच तर लेखकाची थोरवी!”

खरी पंचाईत ‘दुनियादारी’ने केली. शिरवळकरांची ही कादंबरी 1982 ची. पुण्यातलं एस. पी. कॉलेज, कट्टा, श्रेयस, दिग्या, शिरीन. अकरावीत असताना उजळणीकरांनी ती वडिलांची नजर चुकवून, फिजिक्सच्या पुस्तकाआड धरून वाचली होती आणि पुढे वर्षभर आपण दिग्याच आहोत अशा थाटात कॉलेजात वावरले होते. म्हणजे चालत होते तसे. प्रत्यक्षात कोणी धक्का मारला तर “सॉरी” म्हणायचे. परवा तीच कादंबरी पुन्हा हातात घेतली आणि पन्नासाव्या पानापर्यंत त्यांच्या कपाळावर आठ्या. “काय हो, ही पोरं लेक्चरला कधी बसतात? आणि या चहाचे पैसे देतं कोण?” रात्री पुस्तक संपवलं, डोळे पुसले, आणि ते कपाटात वरच्या कप्प्यात, जुन्या बँक पासबुकांच्या मागे ठेवून दिलं. कन्या यंदा अकरावीत आहे. तिने ते केव्हाच वाचून जागच्या जागी ठेवलंय, हे वहिनींना ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, फक्त उजळणीकरांना कोणी सांगितलेलं नाही.

या कादंबरीवर 2013 मध्ये सिनेमा आला तेव्हा ते पहिल्याच आठवड्यात गेले होते. श्रेयसच्या भूमिकेत स्वप्नील जोशी. आता रामानंद सागरांच्या रामायणाच्या उत्तरभागात हाच मुलगा कुश झालेला त्यांनी पाहिलेला. त्यामुळे तो पडद्यावर आल्यावर हात जोडावेत की शिट्टी मारावी, हे मध्यंतरापर्यंत त्यांचं ठरेना.

शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ ते दर दिवाळीत वाचतात. ही कादंबरी कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण हेही आपापल्या तोंडाने सांगतात. सोळाव्या वर्षी उजळणीकरांनी बाकीच्यांची प्रकरणं सरळ उलटली होती. कर्णावर अन्याय झाला होता आणि त्यांच्यावरही, कारण घरच्यांनी त्यांना सायन्सला घातलं होतं. दोघांच्या दुःखात त्यांना फरक दिसत नव्हता. आता मात्र कर्ण त्यांना जरा जास्तच स्वतःबद्दल बोलतो असं वाटतं. मध्ये एकदा गंभीर होऊन म्हणाले, “अधिरथाला एखादं प्रकरण द्यायला हवं होतं हो. बिचारा जन्मभर रथ हाकतो, पोराला लहानाचा मोठा करतो, आणि पोरगा बघतो सूर्याकडे.” त्या आठवड्यात त्यांच्या मुलाने, आपल्याला इंजिनीअरिंगमध्ये रस नाही, असं घरी सांगितलं होतं.

उजळणीचा कळस झाला तो फुरसुंगीला. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, म्हणजे बनेश फेणे, हा मूळचा फुरसुंगीचा. मुलांनी ती भूमी पाहिली पाहिजे म्हणून एका शनिवारी सगळं कुटुंब गाडीत घालून ते निघाले. पाठीमागच्या सीटवर मीही होतो. हडपसरला गाडी थांबली ती थांबलीच. पुढे ट्रक, मागे बस, दोन्ही बाजूंना दुचाक्या. उजळणीकर फेणेच्या सायकलच्या वेगाचं वर्णन करत होते आणि आमची गाडी तासाला दोन-तीन फर्लांग सरकत होती. शेवटी कन्या म्हणाली, “बाबा, बन्या सायकलवरून येऊन, चोर पकडून, परत घरीसुद्धा गेला असेल.” फुरसुंगीत पोहोचलो तेव्हा बांधकामं, मोठमोठ्या इमारती आणि फलक यांत ते जुनं गाव कुठे शोधायचं, हे कोणालाच कळेना. मग एका टपरीवर चहा घेतला. उजळणीकर टपरीवाल्याला म्हणाले, “फेणे कुठे राहतात?” तो म्हणाला, “कोणत्या बिल्डिंगमध्ये?”

वहिनींचंही वय तेच आणि त्यांनीही तेव्हा वाचलं होतंच. कुसुम अभ्यंकर, योगिनी जोगळेकर, शैलजा राजे. उंच, सावळा, अबोल डॉक्टर नायक आणि त्याच्याशी आधी भांडून मग प्रेमात पडणारी नायिका, अशी एक कादंबरी त्यांनीही मध्यंतरी वाचनालयातून आणली. दुपारी वाचली, पोटभर हसल्या आणि संध्याकाळी भाजी आणायला जाताना परत करून आल्या. “त्या डॉक्टरनं पुस्तकभर एकसुद्धा पेशंट तपासला नाही हो,” एवढंच मत दिलं. कोणाला जवळ बसवलं नाही, कुठे सहल काढली नाही. उजळणी अशीही होते, पण तिच्यावर लेख लिहिता येत नाही.

उजळणीकर नेहमी म्हणतात, “तसं आता राहिलं नाही.” मालिका तशा नाहीत, लेखक तसे नाहीत. पण एक गोष्ट मी त्यांच्या सोफ्यावर बसून पाहिली आहे. द्रौपदीवस्त्रहरणाचा भाग चालू होता. मुलांना त्यांनी दम देऊन गप्प बसवलं होतं. आणि स्वतः? सभेत द्रौपदी न्याय मागत असताना हे मांडीवरच्या फोनवर पाणीपट्टीच्या थकबाकीवरचं आपलं मत सोसायटीच्या ग्रुपवर पाठवत होते. 1989 मध्ये त्यांच्या घरी एकच चॅनल होतं. वाचनालयातून एका वेळी एकच पुस्तक मिळायचं आणि रहस्यकथा तर दिवसाच्या भाड्याने, म्हणून रात्रीत संपवावी लागायची. समोर दुसरं काही नव्हतं, त्यामुळे जे होतं त्यात माणूस गळ्यापर्यंत बुडायचा. एकट्याच धावणाऱ्याचा पहिला नंबर येतो, तसा त्या मालिकांचाही काही अंशी आला होता. उजळणीकरांना मालिका सापडते, पुस्तक सापडतं, अगदी जुन्या मुखपृष्ठासकट सापडतं. न सापडणारी गोष्ट म्हणजे हलणारं जग विसरून तासभर एका जागी बसलेला सोळा वर्षांचा पोरगा. त्याला ते रामानंद सागरांकडे आणि ‘महाभारत’वाल्या बी. आर. चोप्रांकडे मागत बसतात.

तरीही माझं मत त्यांच्याच बाजूने पडेल. नवीन पाच पुस्तकं विकत घेऊन एकही न वाचणाऱ्यांपेक्षा जुनं एक पाचव्यांदा वाचणारा माणूस केव्हाही बरा. तेव्हा तुमच्यातल्या उजळणीकरांनी जरूर उजळणी करावी. फक्त फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा, शेजारी कोणाला बळेच बसवू नये. आणि घरातलं पोर कधी स्वतःहून, “बाबा, माझी ही मालिका बघा ना,” म्हणालं, तर एक भाग पूर्ण बघावा. मधेच आपल्या काळातलं काही सांगू नये, आणि दीडपट वेगाने तर मुळीच लावू नये.