रशियन वाढप, फ्रेंच घास आणि भिलाईचे रूळ

फ्रेंच जेवणात पदार्थ एकामागून एक येतात, ही पद्धत मुळात रशियन आहे, हे भिलाईकरांना कुणी वेळेवर सांगितलेलं दिसत नाही. सांगितलं असतं तर पोलाद कारखान्यासाठी रशियाशी झालेल्या १९५५ च्या करारात एखादं कलम नक्की वाढलं असतं.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत पॅरिसच्या बड्या घरांत सगळं जेवण एकदमच मेजावर मांडत. सूप, मासे, भाजलेलं बदक, मुरांबे, सगळं एकाच वेळी हजर. जे समोर आलं ते आपलं. लांबचं काही हवं असेल तर शेजाऱ्याची मर्जी सांभाळायची. थाट मोठा, पण तोंडात पडेपर्यंत सगळं गारढोण. मग रशियाचे राजदूत प्रिन्स कुराकिन आले. १८१० च्या सुमारास त्यांच्या मेजवान्यांत पदार्थ क्रमाने, एक उरकला की दुसरा, असे येऊ लागले. फ्रेंचांनी आधी नाकं मुरडली आणि पुढच्या पन्नासेक वर्षांत ती तऱ्हा अशी उचलली की आज साऱ्या जगाला ती त्यांचीच वाटते.

भिलाईला रशियन आले ते २ फेब्रुवारी १९५५ च्या कराराने. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली. सेक्टर आखले गेले, रुंद रस्ते झाले, पुढे दोस्तीची आठवण म्हणून मैत्रीबागही झाली. वाढप तेवढं राहून गेलं. पाळीवरच्या माणसाचा डबा उघडला की पोळी, भाजी, भात, लोणचं आजही एकदम बाहेर पडतं. खाण्याच्या बाबतीत भिलाई अजून कुराकिनच्या आधीच्या पॅरिसात आहे.

आणि नेमकी हीच उणीव भरून काढणारा प्रकार आज मोठ्या शहरांत जोरात आहे. त्याला टेस्टिंग मेन्यू म्हणतात. ग्राहकाने काही मागायचं नाही. शेफला वाटेल ते, वाटेल त्या क्रमाने, वाटेल तेवढं, म्हणजे थोडंसंच, येणार. याची मुळं १९७० च्या दशकात आहेत. गो आणि मियो या दोन फ्रेंच समीक्षकांनी १९७३ साली नव्या पाककलेच्या दहा आज्ञाच जाहीर केल्या: जड सॉस नकोत, फार शिजवू नका, ताजं आणा. ताटं हलकी झाली. बिलांसाठी मात्र अकरावी आज्ञा काढायची कुणाला सुचली नाही. २५ फेब्रुवारी १९७५ ला याच लाटेतल्या पॉल बोक्यूज या शेफला राष्ट्राध्यक्ष जिस्कार देस्तँ यांनी 'लेजियाँ दॉनर' हा सन्मान दिला. त्याने परतफेड म्हणून ट्रफलचं सूप केलं, वर खुसखुशीत आवरण घातलं आणि त्याला राष्ट्राध्यक्षांचंच नाव दिलं. आपल्याकडे नेत्याचं नाव उड्डाणपुलाला देतात. तो निदान फोडून खावा लागत नाही.

आता समजा, आयुष्य सेक्टरच्या क्वार्टरमध्ये काढून निवृत्त झालेले, मूळचे वर्ध्याकडचे एक फोरमन आणि त्यांच्या पत्नी. मुलगा मुंबईत. आईबाबांच्या लग्नाचा वाढदिवस म्हणून तो त्यांना दहा कोर्सच्या फ्रेंच जेवणाला घेऊन जातो. टेबल महिनाभर आधी ठेवलेलं. ॲलर्जी वगैरे काही नाही, असं त्याने कळवलेलं.

वेटर येतो, लवून तोच प्रश्न पुन्हा विचारतो: काही चालत नाही असं आहे का?

"आज संकष्टी आहे," बाई सांगतात. "चंद्र निघाल्याशिवाय मी घेणार नाही. अन् चातुर्मास आहे, तर कांदा-लसूण नको. अंडं तर मी खातच नाही."

"आई, तू आधी सांगायचंस ना!"

"तू विचारलंस ॲलर्जी आहे का. मले कुठं ॲलर्जी आहे?"

वेटर हे सगळं अत्यंत गंभीरपणे लिहून घेतो. आत काय होत असेल याची कल्पना करावी. फ्रेंच स्वयंपाकाचा पाया म्हणजे कांदा, गाजर आणि सेलरी बारीक चिरून लोण्यावर परतणं. त्यातला कांदा चातुर्मासाने नेला. अंडं गेलं म्हणजे निम्मे सॉस आणि बहुतेक गोड पदार्थ गेले. उरलं गाजर. त्यात सगळ्या टेबलाची वेळ आता पंचांगावर. फ्रेंच शेफ आजवर राष्ट्राध्यक्षांसाठी थांबले असतील, चंद्रासाठी थांबण्याची ही पहिलीच वेळ.

नऊ वाजून काही मिनिटांनी चंद्रोदय होतो आणि गाजर येतं. परातीएवढी बशी, तिच्या एका कडेला बोटभर गाजर. वेटर एक हात पाठीमागे ठेवून सांगू लागतो: हे गाजर मिठात पुरून भाजलं आहे, हे त्याचेच काप मुरवलेले, हे हिरवे थेंब त्याच्याच पाल्याच्या तेलाचे, शेफची विनंती आहे की डावीकडून सुरुवात करावी. मुलगा मान डोलावतो. फोरमनसाहेब पाळी बदलताना चार्ज घेतात तसं एकेक वाक्य नीट ऐकून घेतात आणि विचारतात, "किती वेळ भाजलं?" वेटरला हे ठाऊक नसतं. तो आत जाऊन विचारून येतो. "किती डिग्रीवर?" तो पुन्हा आत जातो.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या खोलीत हे जेवण खऱ्या अर्थाने कळणारा माणूस एकच, आणि तो भिलाईचा आहे. एस्कॉफिए या शेफने फ्रेंच स्वयंपाकघराची घडी बसवली ती लष्करावरून. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात तो फौजेचा आचारी होता. सॉसवाला वेगळा, माशांचा वेगळा, भाजणारा वेगळा, प्रत्येकाचा एक वरिष्ठ, आणि वरून हुकूम आला की खालून एकच उत्तर. काचेआड चाललेली ती धावपळ पाहून फोरमनसाहेबांना पहिल्यांदा बरं वाटतं. कोण कुणाचा हेल्पर आहे हे ते दोन मिनिटांत ओळखतात. तिसऱ्या कोर्सला चार मिनिटं उशीर झाला तेव्हा लाइनवर नेमकं कुठे अडलंय हेही ते मुलाला सांगतात, आणि ते बरोबर असतं.

गाजर त्यांना आवडतं. ते आणखी मागतात.

शांतता पसरते. दहा कोर्सच्या जेवणात सर्व काही मिळतं, दुसरी वाढ मिळत नाही. आपल्या पंगतीत नको म्हणणं ही रीत आहे आणि नको म्हटल्यावर वाढणं ही त्याहून मोठी रीत. जिलबीवरून हातघाईवर येणारे यजमान महाराष्ट्राने पाहिले आहेत. इथे आग्रह होतो तो एकट्या पावाचा. बाई अंडं नसल्याची खात्री करून घेतात आणि पाव, लोणी, पुन्हा पाव असा उपास सोडतात. अशा ठिकाणाहून माणूस उपाशी उठतो ही न जेवलेल्या लोकांनी उठवलेली अफवा आहे. जेवण झाल्यावर गोडाची तयारी म्हणून एक गोड येतं, मग खरं गोड, मग बिलासोबत चार गोळ्या-वड्या. तीन तासांनी बाईंना उठवत नाही.

बिलावर कर असतो. रेस्टॉरंट ज्या हॉटेलात आहे तिथल्या खोलीचं भाडं रात्रीला साडेसात हजारांच्या वर असेल तर जेवणावर १८ टक्के, नाहीतर साधारण ५. फोरमनसाहेब चष्मा चढवून विचारतात, "आपण खोली कधी घेतली?" मुलगा सांगतो, घेतली नाही, पण हॉटेलात ती आहे. हा मुद्दा दादर येईपर्यंत टॅक्सीत चालतो.

एवढं सगळं करून जे मिळालं ते छत्तीसगडात नव्हतं का? बरंचसं होतं. सांगणारा वेटर नव्हता. बस्तरच्या आठवडी बाजारात लाल मुंग्या पानाच्या दोन्यात विकायला असतात. मीठ-मिरचीबरोबर वाटून त्यांची आंबट चटणी करतात, तिला चापडा म्हणतात. शेफ गॉर्डन रामसे टीव्हीच्या कॅमेऱ्यासह बस्तरात येऊन ती खाऊन गेला. कोपनहेगनच्या नोमा या रेस्टॉरंटने २०१५ च्या जानेवारीत टोकियोत मुक्काम ठोकला, तेव्हा कोळंबीवर मुंग्या घालून दिल्या. त्या टेबलांसाठी जगभरातून हजारो लोक प्रतीक्षायादीत होते. जगदलपूरला मुंग्यांसाठी प्रतीक्षायादी लागत नाही. म्हणूनच बहुधा त्या अजून आदिवासींचं खाणं आहेत, पाककला नाहीत.

बोरे-बासीचंही तेच. रात्रीचा भात पाण्यात भिजत ठेवायचा, सकाळी मीठ, कांदा, हिरवी मिरची घेऊन खायचा. उन्हातान्हात राबणाऱ्याचं पोट त्याने थंड राहतं. १ मे २०२२ ला तत्कालीन मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी कामगारांच्या सन्मानार्थ सर्वांनी बासी खावी असं आवाहन केलं. मंत्र्यांनी खाल्ली, साहेबलोकांनी खाल्ली, फोटो निघाले. मजुराच्या जेवणाचा फोटो निघायला साहेबाने ते जेवावं लागतं. हाच भात नगरी दुबराजचा असेल तर त्या तांदळाला २०२३ पासून भौगोलिक मानांकनही आहे; एखाद्या शेफने तो खोल बशीत तीन चमचे वाढून रात्रभराच्या आंबवणीची हकीकत सांगितली, की पुढचं काम खजिनदाराचं.

बँकॉकच्या गगन आनंदने तर कमाल केली. आशियातला अव्वल म्हणून अनेकदा गौरवलेला हा कोलकात्याचा शेफ. त्याच्या इमोजींच्या मेन्यूत एक कोर्स असा होता की चमचा न देता बशी पुढे ठेवायची, 'लिक इट अप' हे रॉक गाणं लावायचं, आणि पाहुण्यांनी बशी चाटायची. महाराष्ट्रातल्या आयांनी पिढ्यान्‌पिढ्या ज्या गोष्टीबद्दल पाठीत धपाटे घातले, तिचे तिकडे डॉलर मोजले जातात.

मग भिलाईत असं एखादं ठिकाण निघत का नाही? याचं उत्तर मुंबईत, महालक्ष्मीला सापडतं. मास्क हे दहा कोर्सच्या टेस्टिंग मेन्यूचं नामांकित रेस्टॉरंट २०१६ मध्ये निघालं ते श्री लक्ष्मी वूलन मिल्सच्या आवारात. उंच छत, जुन्या गिरणीची ऐसपैस जागा. सामग्री भारतीय आणि जेवण उत्तम असा लौकिक आहे, त्याबद्दल तक्रार नाही. गिरणगावात पूर्वी जेवणाची सोय वेगळी होती. घरोघरच्या बायका कामगारांना खानावळीत जेवू घालत आणि महिन्याच्या पगारावर हिशेब होई. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांसाठी. मग १८ जानेवारी १९८२ चा संप आला, आणि पुढे गिरण्यांच्या जागी काय काय उभं राहिलं ते सर्वांना माहीत आहे. थोडक्यात, शेडमध्ये दहा कोर्स लागायचे तर आधी यंत्रं थांबावी लागतात. भिलाईचा कारखाना अजून चालू आहे. २०१८ साली त्याने 'महामाया' नावाची आठवी भट्टीही पेटवली. त्यामुळे शहराला हा विकास थोडा उशिराच मिळेल.

तोवर निदान तारे वाटायला हरकत नाही. उत्तम जेवण कोणतं हे जगाला सांगणारी मिशलिन ही टायरची कंपनी आहे. १९०० साली फ्रान्समध्ये जेमतेम दोन-तीन हजार मोटारी असताना तिने मार्गदर्शिकेच्या ३५ हजार प्रती वाटल्या. लोकांनी गाड्या काढाव्यात, फिरावं, टायर झिजवावेत, एवढाच हेतू. १९२६ मध्ये तारे आले. तीन ताऱ्यांचा अर्थ, मुद्दाम प्रवास करून जावं असं ठिकाण. म्हणजे सर्वांत जास्त टायर. भारतीय जेवणाला असे तीन तारे पहिल्यांदा मिळाले ते २०२५ मध्ये, दुबईच्या ट्रेसिंड स्टुडिओला.

टायरवाल्यांना हा अधिकार असेल तर रूळवाल्यांना का नसावा? भिलाईत १३० मीटरचा अखंड रूळ तयार होतो, तसे दोन जोडून २६० मीटरचा. रूळ आणि जेवण यांचं नातं मराठी माणसाला नवं नाही: ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात शिंद्यांच्या जेवणाच्या मेजावर रूळ टाकले आहेत आणि त्यावरून चांदीची आगगाडी मद्य आणि सिगार घेऊन फिरे. डब्यांवर शिंद्यांच्या नावाची इंग्रजी अक्षरं. सुरई उचलली की गाडी थांबे. तेव्हा एक तारा, म्हणजे गाडी थांबली असेल तर उतरून खावं. दोन, म्हणजे गाडी चुकली तरी चालेल. तीन, म्हणजे थेट तिकीट काढावं, आरएसी असलं तरी.

योजनेत अडचण आहे ती निरीक्षकाची. मिशलिनचा निरीक्षक ओळख लपवून जातो आणि बिल स्वतः भरतो. भिलाईच्या निरीक्षकाने सुरुवात इंडियन कॉफी हाऊसपासून करावी हे उघड आहे. १९५७ च्या सुमारास कॉफी बोर्डाने हात वर केल्यावर कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने वेटरांनी स्वतः सहकारी संस्था काढून चालवलेली ही कॉफी हाऊसं. तुरेवाला फेटा बांधलेला मालक डोसा आणून ठेवतो, असं भाग्य पॅरिसातही नाही. निरीक्षक कोपऱ्यातल्या टेबलावर बसेल, वही मांडीवर लपवेल, सांबाराची चव घेईल. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून आवाज येईल, "काय रे, तू रेल मिलच्या देशमुखांचा धाकटा ना? सेक्टर सहाचा? बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं का?" आणि वेटर बिल आणेल तेव्हा ते आधीच कुणीतरी दिलेलं असेल.