स्वारी गराजात आहे

मिशिगनमधल्या आमच्या मराठी गोतावळ्यात एक गृहस्थ आहेत. त्यांच्या घरी कधीही फोन करा, वहिनींचं उत्तर ठरलेलं: "स्वारी गराजात आहे." हे सांगताना त्यांच्या आवाजात राग नसतो. रागाचा मोसम संपून बरीच वर्षं झाली.

गराजात मोटार नाही. घरच्या दोन्ही मोटारी बाहेर बर्फ खात उभ्या असतात. आत, हीटरच्या उबेत, जुन्या गालिच्यावर पहुडलेली असते १९७५ सालची होंडा एटीसी ९०. तीन चाकं, मोटारसायकलचं हँडल, गलेलठ्ठ टायर आणि सस्पेन्शन अजिबात नाही. खड्ड्यात जे काय उसळायचं ते टायरांनीच. कुण्या शेतकऱ्याच्या कोठारातून ती आली तेव्हा एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांची तिसरी-चौथी पिढी सुखानं नांदत होती. गाडी शंभर डॉलरला मिळाली, हे स्वारी ज्याला त्याला सांगते. पुढच्या खर्चाविषयी कुणी विचारत नाही, कारण सुट्या भागांची पार्सलं ऑफिसच्या पत्त्यावर येतात.

पुण्यात असताना या माणसानं स्कूटरचा प्लगसुद्धा कधी स्वतः साफ केला नव्हता. स्कूटर रुसली की बाजूला कलती करायची, चार किका मारायच्या आणि ढकलत कोपऱ्यावरच्या मेस्त्रीपुढे नेऊन उभी करायची, एवढीच काय ती यंत्रविद्या. अमेरिकेत मेस्त्रीचा तासाचा दर ऐकला आणि त्यांच्यातलाच मेस्त्री जागा झाला. तो अजून झोपलेला नाही.

चुकून गराजात पाऊल टाकलंत तर कीर्तन लागतं. पूर्वरंगात १९६७ साल. हिवाळ्यात मोटारसायकली खपत नाहीत, दुकानदार हातावर हात धरून बसतात, तेव्हा होंडाच्या अमेरिकेतल्या शाखेनं जपानला साकडं घातलं: बर्फाच्या दिवसांत विकता येईल असं काहीतरी द्या. ओसामु ताकेउची नावाच्या इंजिनिअरनं दोन चाकांपासून सहा चाकांपर्यंत सगळं करून पाहिलं आणि तीनवर येऊन थांबला. १९७०ला गाडी बाजारात आली ती 'यूएस ९०' या नावानं. ८९ सीसी, किंमत ५९५ डॉलर. पुढच्याच वर्षी 'डायमंड्स आर फॉरएव्हर'मध्ये खुद्द जेम्स बाँड तिच्यावर बसला. इथं स्वारी क्षणभर थांबते. आपण टाळ वाजवावा अशी अपेक्षा असते.

मंडळाच्या गणपतीत एकदा कुणीतरी म्हणालं, "म्हणजे रिक्षाच की!" झालं. मोदक थंड होईपर्यंत उत्तररंग चालला. रिक्षाला मागे डिफरन्शियल असतो, वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी. हिचा मागचा आस एकसंध, दोन्ही चाकं सारखीच फिरणार. म्हणून वळताना बूड उचलून अंग तोलावं लागतं, आतलं चाक जरा घसरू द्यावं लागतं. तसं न करता मोटारसायकलच्या सवयीनं पाय टेकवला, तर मागचं चाक आपल्याच पायावर चढतं. अशा उलथापालथी फार झाल्या, सरकारच्या ग्राहकसुरक्षा आयोगानं बडगा उगारला आणि १९८८मध्ये कंपन्यांनी नव्या तीनचाकींची विक्री बंद करण्याचं कबूल केलं. हा भाग सांगताना स्वारीचा आवाज जड होतो, पण पाय मोडलेल्यांसाठी नव्हे.

सगळ्यात नाजूक विषय म्हणजे स्क्रू. जपानी गाडीचा चौफुली स्क्रू दिसतो अमेरिकन फिलिप्ससारखा, पण असतो जपानी मापाचा. त्याला फिलिप्सचा पेचकस लावला की पेचकस वर सरकतो आणि स्क्रूचं डोकं झिजतं. मूळ मालकानं नेमकं तेच केलं होतं. तेव्हापासून स्वारी कुणाकडे जेवायला गेली तरी आधी दाराच्या बिजागऱ्या बघते. टायरांचंही तसंच. यांत हवा असते जेमतेम दोन पौंड, मोटारीच्या गेजवर ती दिसतच नाही; म्हणून वेगळं गेज, आणि त्या गेजला लोकरीची पिशवी. घरातल्या ब्लडप्रेशरच्या यंत्राचे सेल मात्र गेलेले आहेत.

गराजाची हद्द स्वयंपाकघराला भिडली ती कार्ब्युरेटरमुळे. जुन्या पेट्रोलचा चिकटा जेटमध्ये घट्ट बसला होता. लिंबाच्या रसात उकळलं की तो सुटतो, असं कुणीतरी सांगितलं. वहिनी देवळातून परतल्या तेव्हा शेगडीवर इडलीपात्र रटरटत होतं. "अगं बाई, आज इडल्या?" म्हणत त्यांनी झाकण उचललं. त्या घरी आता इडल्या होत नाहीत. कार्ब्युरेटर उत्तम चालतो.

पेट्रोलच्या टाकीचा गंज काढायला व्हिनेगर, त्यात मूठभर नट, आणि मग टाकी मांडीवर घेऊन तासन्‌तास हलवणं. मुलगी तान्ही असताना तिला इतकं जोजवलं नव्हतं, असं वहिनी म्हणतात. मला यात अतिशयोक्ती वाटत नाही.

अखेर इंजिन बोललं. दोर ओढला, फटफट सुरू झाली, आम्ही टाळ्या वाजवल्या आणि स्वारीनं लगेच बटण दाबून ते बंद केलं. सायलेन्सरचा आवाज मूळ गाडीचा वाटत नाही म्हणे. चालवायचा प्रश्नच नव्हता. टायर मूळचे आहेत, झिजले तर?

मागच्या उन्हाळ्यात पुण्याहून त्यांच्या आई आल्या. गाडीला त्यांनी दोन प्रदक्षिणा घातल्या, चष्मा पुसून हँडल न्याहाळलं.

"अरे, मीटर कुठाय?"

"अगं आई, या मॉडेलला स्पीडोमीटर कंपनीनंच दिला नव्हता. ओरिजिनल आहे ते!"

आई वहिनींकडे वळल्या.

"मीटर नाही म्हणजे हाफ रिटर्न मागणार बघ हा."