आगाऊ विमान

मुंबईहून निघालेले विमान दाबोळीला १२ मिनिटे आधी टेकले आणि लगेच घोषणा झाली, की आपण नियोजित वेळेच्या आधी पोहोचलो आहोत. चार-दोन जणांनी टाळ्या वाजवल्या. वाजवणारच. मुंबईकराला काहीही वेळेआधी मिळायची सवय नाही.

आता हिशेब. मुंबई ते दाबोळी हवाई अंतर साधारण सव्वाचारशे किलोमीटर. तिकिटावरची वेळ १ तास २० मिनिटे. चौथीतले पोरही भागाकार करून सांगेल, की वेग पडला ताशी ३२०च्या आसपास. जपानात या वेगाने आगगाडी धावते, तीही रुळांवरून. विमान प्रत्यक्ष हवेत असते पाऊण तास, फार तर पन्नास मिनिटे. बाकीचा अर्धा तास कुठला? तर विमानाचे ब्रेक सुटल्यापासून ते पुन्हा लागेपर्यंतचा सगळा वेळ प्रवासातच धरतात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकीवरच काम चालते, रांग लागते, हे मान्य. पण रांगेचा वेळ धरून वर आणखी मूठभर मिनिटे घालायची आणि त्यातली १२ उरली की आम्हालाच बक्षीस द्यायची! दूधवाल्याने लिटरमागे पावशेर पाणी घालावे आणि वर चमचाभर दूध फुकट ओतून मिशीत हसावे, तसले हे औदार्य. असेच चालले तर उद्या कोणी तिकिटावर सरळ तीन तास छापील आणि विमान सव्वा तासात उतरवून विक्रम करील. मग धावपट्टीवर ढोल-ताशे, वैमानिकाला शाल-श्रीफळ, शिडीच्या तोंडाशी औक्षण, आणि पालकमंत्री तासभर उशिरा येणार म्हणून प्रवासी आतच पट्टे बांधून बसलेले.

बरे, उशिराचे काय? पंधरा मिनिटांच्या आत आलेले विमान 'वेळेवर' असे जगभर धरतात. म्हणजे आधी वेळ फुगवायची, आणि तीही चुकली तर वर पंधरा मिनिटांची माफी. ही माफी एकाच बाजूला आहे, हे त्याच सकाळी काउंटरवर पाहिले. सत्तरीच्या एक मावशी लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या, हातात डिंकाच्या लाडवांचा स्टीलचा डबा, झाकण पडू नये म्हणून सुतळीने बांधलेला. सामान घेणे ६० मिनिटे आधी बंद होते; या पोहोचल्या ५८ मिनिटे आधी. समोर पट्टा फिरतोय, माणसे बसलीत, तराजू रिकामा आहे. पण 'सिस्टिम बंद झाली, मॅडम.' दोन मिनिटे! हरामखोरीला शिस्तीचा गणवेश चढवला की ती अशी दिसते. मावशींनी पुढच्या विमानाचे विचारले. जागा होती, जादा पैसे भरावे लागणार होते. किती, ते त्या पोराने डोळ्याचे पाते लवायच्या आत सांगितले. तेवढ्यापुरती सिस्टिम चालू होती.