गोफवाले गुरुजी

वऱ्हाडातल्या कोणत्याही मोहल्ल्यात एक वाकलेला विजेचा खांब, एक सदा उघडी नाली आणि एक गोफवाले गुरुजी असतातच. खांब आणि नाली यांची तक्रार नगरसेवकाकडे करता येते. गुरुजींची करता येत नाही, कारण नगरसेवकाच्या गाडीच्या चाबीलाही त्यांनीच विणलेला गोफ लटकत असतो.

आमचे गुरुजी अमरावतीचे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. लेक अकोल्याला दिलेली, त्यामुळं महिन्यातून चारदा इकडून तिकडं. शर्टाच्या वरच्या खिशात एक पेन, एक छोटी कात्री आणि बाहेर डोकावणारी रंगीत प्लास्टिकच्या वायरची चार टोकं. घरोघर ज्या वायरच्या पिशव्या विणल्या जायच्या, त्या वायरची ही बारीक, चपटी धाकटी बहीण. तिच्यापासून गुरुजी चाबीचे गोफ करतात, मनगटात घालायचे पट्टे करतात, मोबाइलला लटकवायच्या शेंड्या करतात. करतात आणि वाटतात. विकत नाहीत. विकले असते तर बरं झालं असतं, लोकांना नको म्हणता आलं असतं.

फुकट मिळालेल्या गोफाची फेड पैशांनी होत नाही, हजेरीनं होते. गुरुजी रस्त्यात भेटले की तब्येत विचारत नाहीत. म्हणतात, "चाबी दाखव बरं." आपण मुकाट्यानं खिशातून काढायची. तिला शोरूमवाल्यानं दिलेला चामडी बिल्ला दिसला की संपलं.

"माहा गोफ तुटला काय?"

"नाई गुरुजी, घरी हाये. कपाटाच्या चाबीले लावला."

"मंग गाडीच्या चाबीनं काय पाप केलं? हे घे."

असं करत करत कपाट, गोदरेज, फाटक, टाकीचं झाकण, दुकानाचं शटर अशा सगळ्या चाब्या गोफानं सजल्या. आमच्या गल्लीत एकानं गोफाला जागा व्हावी म्हणून संडासालाही कुलूप लावलं, असं लोक सांगतात. मला तरी ते खोटं वाटत नाही. भाडेकरू घर सोडताना घरमालकाला चाबी देतो आणि गोफ काढून नेतो, कारण पुढच्या घरीही गुरुजी येणार हे त्याला माहीत असतं.

हे खूळ गुरुजींच्या एकट्याच्या डोक्यातून निघालेलं नाही, त्यामागं भलंमोठं राष्ट्रीय चिंतन आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, गांधीजी अध्यक्ष होते, आणि शिक्षण हस्तोद्योगातून व्हावं असं तिथं ठरलं. शाळेत टकळी आली. पुढं १९६४ ते ६६ या काळात कोठारी आयोग बसला, त्यानं कार्यानुभव सुचवला. पोराचा हात शेताला लागावा, वर्कशॉपला लागावा, असा त्याचा हेतू. हा सगळा विचार ठिकठिकाणी मुक्काम करत गुरुजींच्या शाळेत पोचला तेव्हा शाळेत वर्कशॉप नव्हतं, शेत शेजाऱ्याचं होतं आणि इतवारा बाजारात वायरची गुंडी स्वस्त होती. मग काय व्हायचं ते झालं. गुरुजींचे विद्यार्थी आज तलाठी आहेत, वकील आहेत, एक-दोन फरारही आहेत. भागाकार बहुतेकांचा सुटला, पण चौकोनी वीण कोणी विसरलेलं नाही.

सरकारी खर्चानं असले उद्योग शिकवणारे आपण एकटेच, असंही नाही. न्यूयॉर्कमध्ये १९३५ साली बेकारांच्या मदतनिधीतून असेच गोफ विणायला शिकवतात, हे एका चौकशीत बाहेर आलं आणि तिथल्या पेपरांनी गहजब केला. फ्रान्समध्ये १९५० च्या दशकाच्या अखेरीस हीच प्लास्टिकची वायर विणायचं पोराटोरांना असं वेड लागलं की त्या विणीला एका गाण्याचंच नाव पडलं. मी हे दोन्ही किस्से गुरुजींना सांगितले. चौकशीचं ऐकून ते एवढंच म्हणाले, "मंग? इनता तं आलं ना लोकायले?" फ्रान्सवर त्यांनी मत दिलं नाही, पण दुसऱ्या दिवशी निळा, पांढरा आणि लाल असा एक गोफ आमच्या घरी आला.

वीण मात्र पाहण्यासारखी असते, हे कबूल केलं पाहिजे. दोन रंगांच्या वायरी, प्रत्येकी दोन हात लांब, मधोमध एकमेकींवर आडव्या ठेवायच्या. झाली चार टोकं. पहिलं टोक दुसऱ्यावर दुमडायचं, दुसरं तिसऱ्यावर, तिसरं चौथ्यावर, आणि चौथं पहिल्यानं केलेल्या कमानीखालून ओवून बाहेर काढायचं. मग चारही टोकं एकदम ओढायची. मध्ये दोन रंगांच्या चार घरांचा इवलासा पट दिसतो. अशी घडीवर घडी चढवत गेलं की चौकोनी गोफ उभा राहतो. टोक समोर सरळ न नेता दरवेळी तिरकं नेलं की तोच गोफ पीळ घेत गोल होतो. दोन-दोन हात वायर गिळून शेवटी निघतो तो बोटाएवढा गोफ. "सरकारी योजनेपेक्षा बरा निघते," हे गुरुजींचं म्हणणं.

ओढताना दोन टोकं उजव्या हातात, एक डाव्या करंगळीत आणि चौथं दातांत असतं. त्यामुळं विणताना गुरुजींचं बोलणं 'हं' आणि 'अंहं' यापलीकडं जात नाही. घरच्यांनी या नादाला कधी कडाडून विरोध केला नाही, त्याचं हे एक कारण असावं.

शेवटी उरलेली टोकं कापून काडीनं चटका द्यायचा आणि वितळलेलं प्लास्टिक गरम असतानाच अंगठ्यानं दाबायचं. इतक्या वर्षांच्या दाबादाबीत गुरुजींच्या अंगठ्यावरच्या रेषा कधीच पुसल्या गेल्या. नोव्हेंबर आला की पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. गुरुजी जातात, मशीनवर अंगठा ठेवतात, मशीन म्हणतं हा माणूस नाही. पुन्हा ठेवतात, पुन्हा नाही. मग गुरुजी शांतपणे खिशातून एक गोफ काढून साहेबांच्या टेबलावर ठेवतात. साहेब आपल्या ड्रॉवरच्या चाबीकडं बघतात, तिथं मागच्या नोव्हेंबरचा गोफ असतो. कागद पुढं सरकतो.

पण गुरुजी खरे खुलतात ते एस. टी.त. तिथं बोलायचं असतं, म्हणून दात मोकळे ठेवावे लागतात. दातांचं काम मग शेजाऱ्याच्या बोटाकडं येतं. "भाऊ, उलसंक बोट देता काय?" असं इतकं सौजन्यानं विचारतात की माणूस देऊन बसतो. त्या बोटाला वायरचं टोक अडकवलं की शेजारी स्थानबद्ध. खिडकी लावता येत नाही, मोबाइल काढता येत नाही. एका गृहस्थाला कुरुमला उतरायचं होतं, तो मूर्तिजापूरला उतरला आणि परतीच्या गाडीनं मागं आला. त्याच्याजवळ गोफ मात्र होता.

अमरावती-अकोला रस्त्याचं काम वर्षानुवर्षं रखडलं होतं, तो गुरुजींच्या निर्मितीचा सुवर्णकाळ. बडनेऱ्याला धरलेला गोफ मूर्तिजापूरला हातावेगळा व्हायचा, बोरगाव मंजूपर्यंत दुसरा. शिवाय गचका बसला की वीण आपोआप आवळली जायची. मग जून २०२२ उजाडला. याच रस्त्यावर १०५ तास ३३ मिनिटांत एका लेनचं सलग ७५ किलोमीटर डांबरीकरण झालं, कतारचा विक्रम मोडला, गिनीज बुकात नाव गेलं. सगळं वऱ्हाड खूश, गुरुजी सोडून. "काय कामाचा थो रोड? बसलं नाई का अकोला. एक गोफ पुरा होत नाई," म्हणत ते कितीतरी दिवस धुसफुसत होते. गिनीजवाल्यांनी मोजताना ही बाजू धरलेली दिसत नाही.

मध्यंतरी त्यांचे साडू दवाखान्यात होते. रात्रीची पाळी गुरुजींकडं. ज्यानं ज्यानं आपल्याकडच्या दवाखान्यात पेशंटजवळ रात्री काढल्या आहेत, त्याला सलाइनच्या नळीची मासोळी माहीत आहे. नळी उभी चिरायची, पट्ट्या करायच्या, एकमेकींत गुंफायच्या, खवले पाडायचे, पेनानं डोळा काढायचा, शेपटीला कडी लावायची. किती घरांत अजून ती मासोळी चाबीला लोंबते, आणि कोणाची नळी होती हे विचारू नये असा अलिखित नियम आहे. आता दिवस बदलले. २०१६ च्या नियमांप्रमाणं वापरलेली नळी थेट लाल पिशवीत जाते. गुरुजींना हे मंजूर नव्हतं. बाटली अर्धी उतरायच्या आतच ते नळीकडं टक लावून बसत. तिसऱ्या दिवशी साडूनं बायकोला जवळ बोलावलं आणि हळूच सांगितलं, "मले बरं वाटून रायलं, पण याची नजर चांगली नाई. घरी न्या मले."

सिस्टरनं गुरुजींना नळीसकट पकडलं तेव्हा जो संवाद झाला तो वॉर्डानं ऐकला.

"बाबाजी, ठेवा ती नळी. लाल पिशवीत टाकायची असते."

"बाई, पेशंट बरा झाला, तं त्याची काई आठवण नको?"

"आठवण बिलात येते."

नळी गेली. पण औषधाच्या कपाटाच्या चाबीला दुसऱ्या दिवशी हिरवा-पिवळा गोफ होता आणि साडूला पहाटे चहा वेळेवर मिळाला.

या हाताला ही सवय आली कुठून, हे पाहायचं तर पोळ्याला त्यांच्याबरोबर बाजारात जावं. गुरुजींचे वडील शेतकरी. उन्हाळ्यात अंबाडीचा वाख काढून पारावर बसून दोर वळायचे. कासरे, दावी, वेसणी, सगळं घरचं. गावगप्पांचं चऱ्हाट आणि बैलाचं चऱ्हाट बरोबरच वळलं जायचं. आता पोळ्याच्या बाजारात मठाठ्या, गोंडे, वेसणी सगळं नायलॉनचं आणि तयार मिळतं. गुरुजी एकेक वेसण हातात घेतात, उलटी करतात, गाठ नखानं उचकून बघतात आणि दुकानदाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "मशीनची हाये. बैलाले बी समजते." विकत काही घेत नाहीत. घरी येऊन नातवाच्या तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाला वायरची वेसण, वायरची मठाठी आणि वायरचाच कासरा करतात. बैल वीतभर, कासरा चार हात. मागच्या वर्षी तो कासरा चार पोट्ट्यांच्या पायात अडकून मिरवणूक थांबली होती.

काकूंचं या सगळ्यावरचं मत एका वाक्याचं आहे. "यायच्या बापाजवळ बैल होता म्हून दोर होता, यायच्याजवळ निरा दोर हाये." घरात वायर कुठं सापडेल याचा नेम नाही. पोह्याच्या डब्यात गुंड्या, देवघरातल्या काडीपेटीत जळक्या काड्या. मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली तेव्हा गुरुजींनी घाबरून सगळा साठा गव्हाच्या कोठीत पुरला. बंदी वायरवर नाही हे समजल्यावर बाहेर काढला, आणि त्याच संध्याकाळपासून मोहल्ल्यात सांगत सुटले, "म्या तं पयलेच सांगत होतो, बजारात वायरची पिशवी न्या म्हून." त्या गव्हाच्या पोळीत पुढं दोन महिने लाल-निळे तुकडे निघत होते. काकू ते ताटाच्या कडेला काढून ठेवत आणि गुरुजी त्यांची लांबी बघत.

गुरुजींच्या मालाला खरीखुरी मागणी वर्षातून एकदाच असते, ऑगस्टच्या पहिल्या रविवारी. अकोल्याची नात आठ दिवस आधी फोन करते. बाजारातला फ्रेंडशिप बेल्ट महाग, शिवाय सगळ्या मैत्रिणींजवळ तोच. आजोबांचा पट्टा कोणाजवळ नसतो. गुरुजी रात्रंदिवस बसतात. मैत्री किती घट्ट आहे त्यावर वीण ठरते, असं नातीचं तंत्र आहे: जिवलग मैत्रिणीला गोल पिळाची, साधी ओळख असलेलीला चौकोनी, आणि जिच्याशी बोलणं बंद आहे तिला जळकं टोक मनगटाला टोचेल अशी. शेवटचा प्रकार गुरुजी करत नाहीत. नात तो स्वतः शिकली आहे आणि चांगली विणते. दोन टोकं हातात, एक करंगळीत, एक दातांत.

तेव्हा अमरावतीहून अकोल्याला निघाला असाल आणि शेजारी कोणी गुरुजी येऊन टेकले, तर दोन्ही हात खिशात ठेवा. चाबीचं विचारलं तर गाडी नाही, घर भाड्याचं आहे, चाबी मालकाजवळ असते, असं सांगून टाका. ते मालकासाठी एक गोफ देतील. तो घ्या, नाही म्हणू नका. मालकाचा पत्ता मात्र काही झालं तरी देऊ नका.